अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब : वाढ आणि वाटणी

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचे विंध्य पर्वताने दोन भाग केले आहेत. वर माळव्याचे काळ्या मातीचे पठार, खाली नर्मदेकडे उतरत जाणारा निमाड. पठारावर, इंदूरच्या बाजूला, पिथमपूरची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत आहे. वाहने, यंत्रांचे सुटे भाग आणि औषधे तयार करणारे कारखाने तेथे गेल्या चार दशकांत उभे राहिले. घाट उतरून निमाडात आले, की मान नदीच्या खोऱ्यात मनावर हे तालुक्याचे गाव लागते. कापसाची बाजारपेठ, भोवती भिल्ल आणि भिलालांच्या वस्त्या, शेतीचे काम सरले की गुजरातच्या वाटेने मजुरीला निघणारी कुटुंबे, असे या मुलखाचे रूप आहे. मान नदीवरील धरणाने आणि पुढे सरदार सरोवराच्या फुगवट्याने याच भागातील कित्येक कुटुंबांच्या जमिनी पाण्याखाली घेतल्या. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक. मात्र पिथमपूरचे उत्पादन आणि मनावरच्या खेड्यांतील जगणे एकाच वहीत मांडले, तर हिशेब जुळत नाही.

हा न जुळणारा हिशेब ज्यांनी आयुष्यभर मांडला, त्यांचा जन्म याच परिसरात झाला. पिथमपूरच्या शेजारी असलेल्या महूच्या लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव रामजी आंबेडकर जन्मले. भारतीय संविधानाचे शिल्पकार आणि अस्पृश्यांचे मुक्तिदाते म्हणून ते घरोघरी पोहोचले. त्यांच्या उच्च पदव्या मात्र प्रामुख्याने अर्थशास्त्राच्या होत्या, हे सहसा विसरले जाते. जातीकडे आणि राज्यघटनेकडे पाहणारी त्यांची दृष्टी याच अभ्यासात घडली.

माळव्यावर तेव्हा मराठी सत्तांची छाया होती. धारला आणि देवासला पवार, इंदूरला होळकर राज्य करीत होते. १८१८ साली इंग्रजांनी होळकरांशी मंदसोरचा तह केला आणि त्यानंतर महूची छावणी वसवली. या छावणीतील लष्करी शाळेत सुभेदार रामजी मालोजी सकपाळ शिक्षक होते. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. भीमराव हे रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. रामजींच्या निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला व पुढे साताऱ्याला आले. तेथे भीमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भीमराव जेमतेम पाच वर्षांचे होते.

त्यांच्या बालपणीचा एक प्रसंग अर्थशास्त्राच्या कोणत्याही धड्याहून बोलका आहे. रामजी तेव्हा सातारा जिल्ह्यात दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी खोदल्या जाणाऱ्या तलावावर रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाण्यासाठी मुले नवे कपडे घालून, पैसे आणि शिदोरी घेऊन रेल्वेने मसूर स्थानकावर उतरली. मुले महार आहेत, हे कळताच स्टेशन मास्तरांचा सूर बदलला आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला. त्यातही अट अशी, की गाडी मुलांनीच हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. रात्री वाटेतल्या नाक्यावर पाणी मागितले, ते मिळाले नाही. शिदोरी सोबत असूनही मुले उपाशी निजली, कारण पाण्यावाचून घास उतरणे शक्य नव्हते. खिशात पैसा होता, पण बाजारात उभे राहण्याचा अधिकार नव्हता. माणसाच्या जन्मावरून मालाची किंमत दुप्पट होते आणि पाण्यासारखी गोष्ट तर कोणत्याच किमतीला मिळत नाही, हे त्या मुलाने नवव्या-दहाव्या वर्षीच अनुभवले.

१९१२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सार्वजनिक वित्तव्यवहाराचे विख्यात अभ्यासक एडविन सेलिग्मन तेथे त्यांचे गुरू होते. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था या विषयावर प्रबंध लिहून १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले. त्यानंतर त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा विषय हाती घेतला. त्या अभ्यासातून आकाराला आलेला ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ मध्ये सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. केंद्राने किती कर गोळा करावा, प्रांतांना त्यातले किती द्यावे आणि खर्चाचा अधिकार कोणाकडे असावा, हा त्या ग्रंथाचा गाभा. केंद्र आणि राज्यांत कराची वाटणी सुचवणाऱ्या वित्त आयोगाची तरतूद पुढे संविधानाच्या २८०व्या अनुच्छेदात झाली. मसुदा समितीचा अध्यक्ष त्या प्रश्नाचा तरुणपणापासूनचा अभ्यासक होता. गोव्यासारख्या लहान राज्याचा अर्थसंकल्पही आज त्या वाटणीकडे डोळे लावून बसतो.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागदपत्रे दुरून फेकत. शहरात राहायला जागा मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला, तेथून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. पुढे ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेथेही काही सहकाऱ्यांनी सामाईक भांड्यातील पाणी घेण्यास हरकत घेतली. दोन परदेशी विद्यापीठांत शिकलेल्या माणसाची ही स्थिती होती. शिक्षण आणि उत्पन्न वाढले, की सामाजिक दर्जा आपोआप वाढतो, या समजुतीला त्यांच्या स्वतःच्या आयुष्याने छेद दिला.

१९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. शेतीचे तुकडे झाल्यामुळे शेतकरी गरीब आहे, म्हणून तुकडे एकत्र करावेत, असे तेव्हाचे विद्वान मानीत. आंबेडकरांनी प्रश्न उलटा मांडला. जमीन लहान की मोठी, हे एकरांवर ठरत नाही. तिच्यावर लावायला भांडवल, बैल, अवजारे आणि पाणी किती, यावर ठरते. या देशात ही साधनेच अपुरी आहेत आणि त्यांच्या मानाने जमिनीवर अवलंबून असलेली माणसे फार आहेत. शेतावर राबताना दिसणाऱ्या कित्येक हातांना प्रत्यक्षात काम नसते, ते दुसऱ्याच्या श्रमावर जगतात. या हातांना शेतीबाहेर उत्पादक काम मिळाले, तरच शेतीही सुधारेल. त्यासाठी औद्योगिकीकरण हवे. छुप्या बेकारीचा सिद्धान्त अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत रूढ होण्यापूर्वी कित्येक वर्षे ही मांडणी झाली होती. संपत्ती वाढलीच पाहिजे, याविषयी त्यांच्या मनात कधीही संदेह नव्हता. दारिद्र्याला साधेपणाचे मोठे नाव देऊन गौरवणे त्यांना मान्य नव्हते.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या आणि नवल भथेना या पारशी मित्राच्या साहाय्याने १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने त्यांना १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी दिली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने आला. चांदीच्या रुपयाचे मूल्य सरकारने पौंडाशी बांधलेले होते, आणि जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ त्या व्यवस्थेचे समर्थन करीत होता. आंबेडकरांनी तिच्यावर टीका केली. रुपये किती पाडावेत, हे सरकारच्या मर्जीवर सोपवले, तर चलन फुगते आणि वस्तू महागतात, असे त्यांचे म्हणणे होते. विनिमयाचा दर घसरला, की निर्यातदार आणि व्यापारी खूश होतात. त्यांचा नफा हा देशाचा नफा मानला जातो. प्रत्यक्षात किमती आधी वाढतात आणि मजुरी मागाहून, रखडत वाढते. मधल्या काळात मजुराच्या ताटातील घास व्यापाऱ्याच्या तिजोरीत जातो. एकाच देशातील एका वर्गाकडून दुसऱ्याकडे झालेली ही संपत्तीची बदली असते. १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, त्यांनी हीच भूमिका मांडली. देशाची एकूण बेरीज वाढली, एवढ्यावर न थांबता ती कोणाच्या नावावर वाढली, हे विचारायचे, ही त्यांच्या अर्थशास्त्राची रीत होती.

मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाल्यावर हीच रीत त्यांनी करपद्धतीला लावली. १९२७ च्या अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यातील अन्याय दाखवला. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो आणि उत्पन्नानुसार चढत जातो. शेतसारा मात्र एक एकरवाल्यालाही द्यावा लागतो आणि शंभर एकरांच्या जमीनदारालाही, तोही एकाच दराने. पीक बुडाले तरी सुटका नाही. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. सार्वजनिक पैशाने राखलेल्या तळ्याचे पाणी काही नागरिकांना वर्ज्य असणे, हा धर्माचा प्रश्न होता, तसा सार्वजनिक संपत्तीच्या वाटणीचाही होता. मसूरच्या वाटेवर न मिळालेले पाणी महाडला हक्क म्हणून मागितले गेले. १९२८ मध्ये कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात रजा आणि आर्थिक लाभ मिळावा, या विधेयकाला त्यांनी त्याच सभागृहात पाठिंबा दिला.

वर्गाच्या अर्थशास्त्राला त्यांनी जातीची जोड दिली, हे त्यांचे सर्वांत स्वतंत्र योगदान होय. जात म्हणजे श्रमाची विभागणी, असे तिचे समर्थक सांगत. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की जातीने श्रमिकांचीच विभागणी केली आहे, आणि तीही एकावर एक अशा उतरंडीत. माणसाने कोणता धंदा करावा, हे जन्माने ठरले, की बुडत्या धंद्यातून वाढत्या धंद्यात जाण्याची वाट बंद होते आणि बेकारी वाढते. शिवाय या उतरंडीत प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असते. ते स्थान राखण्यासाठी मधले लोक वरच्यांविरुद्ध उठत नाहीत आणि खालच्यांशी हातमिळवणीही करीत नाहीत. कारखाने आले तरी संपत्ती खालपर्यंत का झिरपत नाही, याचे हे त्यांचे उत्तर होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत त्याचा पुरावाच होता. तेथील विणकाम खात्यात पगार चांगला असे, पण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना तेथे प्रवेश नव्हता.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीनंतर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. कोकणातील खोत हा सरकार आणि कुळ यांच्यामधला वंशपरंपरागत मध्यस्थ. सारा सरकारला ठरलेला भरायचा आणि कुळाकडून मनाला येईल तेवढे वसूल करायचे, शिवाय वेठबिगार घ्यायची, असा त्याचा व्यवहार. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आला. त्यात महार होते, तसे कुणबी आणि आगरीही होते. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या ताटाला न शिवणारी माणसे एका मागणीसाठी एकत्र चालली. विधेयक मात्र तेव्हा मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. भाटकार आणि मुंडकार हे शब्द जगलेल्या गोमंतकीय वाचकाला या लढ्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. गोव्यात कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ साली आणि मुंडकारांसाठीचा कायदा १९७५ साली आला. कुळाच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर करण्यासाठी विधिमंडळाचाच मार्ग धरावा लागतो, हे आंबेडकरांनी त्याआधी ओळखले होते.

जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वाढ आणि वाटणी या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर हाताळण्याची संधी त्यांना येथे मिळाली. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद या काळात रुजली. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ४८ पर्यंत आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच मांडले. त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेची आखणी याच काळातली. नदीचे पाणी हे पूर म्हणून घालवण्याचे संकट नव्हे, साठवून वापरण्याचे धन आहे, अशी त्यांची धारणा होती. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याखेरीज उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याखेरीज दारिद्र्याच्या फेऱ्यातून देश सुटणार नाही, असे ते सांगत.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात सर्वांत धाडसी अर्थयोजना मांडली. मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत, शेतजमीन राज्याने ताब्यात घेऊन सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, आणि ही व्यवस्था संविधानातच लिहावी, अशी त्यांची मागणी होती. उपाशी माणसाला करारस्वातंत्र्य देऊन काही उपयोग नाही, असा त्यामागचा विचार होता. ती मागणी मान्य झाली नाही. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तरी आपली योजना त्यांना संविधानात घालता आली नाही. संपत्ती मोजक्या हातांत एकवटू नये आणि देशाची साधने सर्वांच्या हिताची व्हावीत, हे तत्त्व मार्गदर्शक तत्त्वांच्या ३८ आणि ३९ या अनुच्छेदांत राहिले. न्यायालयात मागता येणारा हक्क म्हणून नव्हे, तर सरकारचे कर्तव्य म्हणून.

या तडजोडीची किंमत त्यांना ठाऊक होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात त्यांनी अभिनंदनाच्या वातावरणात इशारा दिला. २६ जानेवारी १९५० पासून देश एका विसंगतीत प्रवेश करील. राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच मूल्य असेल. सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र विषमता तशीच राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोकच लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, असे त्यांनी बजावले. गरिबांविषयीच्या करुणेपेक्षा या इशाऱ्यात राज्यव्यवस्थेच्या आयुर्मानाचा हिशेब अधिक होता.

या हिशेबात एक बाजू मात्र त्यांच्याकडूनही दीर्घकाळ अपुरी राहिली. मे १९४५ मध्ये मुंबईत केलेल्या एका भाषणात जातीय प्रतिनिधित्वाची योजना मांडताना त्यांनी आदिवासींना त्यातून वगळले. राजकीय संधीचा योग्य उपयोग करण्याइतकी राजकीय जाणीव त्यांच्यात अजून आलेली नाही, असे कारण त्यांनी दिले. अस्पृश्यांविषयी असाच युक्तिवाद ज्यांनी केला, त्यांच्याशी ते आयुष्यभर लढले होते. संविधान सभेत आदिवासींची बाजू जयपालसिंह मुंडा यांनी हिरिरीने मांडली. अखेर मतदानाचा समान हक्क, राखीव जागा आणि आदिवासी भागांच्या कारभारासाठी पाचवी अनुसूची संविधानात आली. मनावर तालुका आज त्याच पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतो. धार जिल्ह्याच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक आदिवासी आहेत. धरणे आणि वीज देशाला वर काढतील, हा आंबेडकरांचा विश्वास अनाठायी नव्हता. पण धरणाच्या पाण्याखाली कोणाची जमीन जाते आणि कालव्याच्या टोकाला कोणाचे शेत भिजते, हा प्रश्न मनावरच्या परिसराने पुढे विचारला. तो विचारण्याची रीत मात्र आंबेडकरांचीच होती.

अखेरच्या वर्षांतही वाटणीचा विषय सुटला नाही. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा देणारे हिंदू संहिता विधेयक अडवले गेले, तेव्हा त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे गोव्यातील लेकींना जो वाटा तेव्हाही होता, तो उर्वरित भारतातील बहुसंख्य हिंदू मुलींना नव्हता. १९५५ मध्ये भाषिक राज्यांवरील पुस्तिकेत त्यांनी प्रचंड आकाराच्या राज्यांना विरोध केला. उत्तर प्रदेशाचे तीन, बिहार आणि मध्य प्रदेशाचे प्रत्येकी दोन भाग करावेत, असे त्यांनी सुचवले. मराठी मुलखाचेही चार भाग त्यांना हवे होते, कारण निजामाच्या राजवटीत मागे पडलेला मराठवाडा मोठ्या राज्यात दुर्लक्षित राहील, अशी त्यांना भीती होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर दोन महिनेही लोटले नव्हते, तोच ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. मुंबईत दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

महूला आता डॉ. आंबेडकर नगर म्हणतात. त्यांच्या जन्मस्थानी स्मारक उभे आहे आणि दर १४ एप्रिलला तेथे जनसागर लोटतो. तेथून पिथमपूरच्या कारखान्यांची धुराडी दूर नाहीत, आणि घाटाखालचे मनावरही काही तासांच्या वाटेवर आहे. मनावर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तेथील शेतमजूर मतदानाच्या दिवशी रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याच्या मताची किंमत पिथमपूरच्या कारखानदाराच्या मताइतकीच असते. एवढे बाबासाहेब करून गेले. संध्याकाळी तो घरी परतल्यावर त्याच्या श्रमाची, त्याच्या जमिनीची आणि त्याच्या मुलाच्या शाळेची किंमत कोण ठरवतो, हे काम त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी पुढच्या पिढ्यांच्या स्वाधीन केले होते.